बिनसहीचं पॅकेज

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

आज वजनकाट्याच्या केबिनला दार बसलं आणि दाराची किल्ली माझ्या हातात आली. किल्ली दिली आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. ते निवृत्त सुभेदार आणि काटा समितीचे अध्यक्ष. म्हणाले, “प्रिया, काटा लोखंडाचा हाय, त्यो खोटं बोलत न्हाई. कॉम्प्युटरचं मला म्हाईत न्हाई. ते तुझ्याकडं.”

आमची वाडी कडेगावपासून सहा किलोमीटरवर. दोनशे घरं, सगळी उसाची, आणि दर दोन घरांआड एक फौजी. कित्येक वर्षं प्रत्येकाची एकच तक्रार, की कारखान्याच्या काट्यावर ऊस कमी भरतो. बोलतात सगळे, पुरावा एकाकडेही नाही. म्हणून यंदा गावानं स्वतःचा काटा बसवला. गाडी आधी इथे मोजायची, मग कारखान्यावर न्यायची. दोन पावत्या शेजारी ठेवल्या की कोण खरं ते दिसेल.

कॉम्प्युटरवर कुणाला बसवायचं यावर समितीत तासभर चर्चा झाली. तिघांनी तीन पोरांची नावं सुचवली. शेवटी मीच म्हणाले, सांगलीत डिप्लोमा मी केलाय, लग्नाआधी शिराळ्यात चार वर्षं कॉम्प्युटर क्लास मी चालवलाय, निम्म्या गावाचे मोबाईल मीच दुरुस्त करते, मग तुम्ही शोधताय कुणाला? त्यावर तिन्ही नावं मागे पडली. लोक म्हणतात मला गर्व आहे. असेल. ज्याला येतं त्यानं येतं म्हणावं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर यंत्रात डोकं घालून बसले. काट्याचं सॉफ्टवेअर सांगलीच्या सिद्धूचं. डिप्लोमाला माझ्याच वर्गात होता. त्याची अट, की यंत्रावर लिनक्सच हवं. मला आनंदच झाला.

लिनक्समध्ये नवीन काही बसवायचं तर ते पॅकेज होऊन येतं आणि ते बसवणारा एक कारभारी असतो, त्याचं नाव डीएनएफ. सिद्धू आपल्या प्रत्येक पॅकेजवर संगणकी सही करतो. ती सही ओळखायची किल्ली मी आज यंत्रात घातली. घालण्याआधी किल्लीची ओळखखूण, चांगली चाळीस अक्षरं, फोनवर त्याच्याकडून एकेक करून वाचून घेतली. तो वैतागला. “अगं प्रिया, मीच बोलतोय.” म्हटलं, “तू बोलतोयस ते कळतंय. किल्ली तुझीच आहे का ते बघतेय.” मग कारभाऱ्याच्या नियमांच्या फाईलीत सही तपासायची ओळ चालू आहे ना, ते पाहिलं. चालू होती, gpgcheck=1. सही जुळली तर आत, नाहीतर बाहेर.

आबांना हे समजावलं तेव्हा ते खूश झाले. “म्हंजी गेटवरचा संत्री!” मग त्यांची गोष्ट ऐकावी लागली. नवे शिपाई असताना त्यांनी आपल्याच कर्नलला गेटवर अडवून परवलीचा शब्द विचारला होता. साहेब शब्द विसरले होते, अर्धा तास थंडीत उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच आबांची पाठ थोपटली. मी म्हटलं, आबा, आपला संत्रीही तसलाच आहे, कुणाला भीक घालणार नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

गळीत सुरू झालं. काट्यावर नारळ फुटला. पहिली गाडी समितीतल्या जयराजची, दहा टन दोनशे चाळीस किलो. त्याच गाडीची कारखान्याची पावती दुपारी आली, नऊ टन आठशे तीस. एका गाडीत चारशे दहा किलो गायब! जयराज दोन्ही पावत्या हातात धरून चावडीपर्यंत ओरडत गेला. मला तर केबिनमध्ये नाचावंसं वाटलं, पण मी अधिकाऱ्यासारखी बसून राहिले.

९ नोव्हेंबर, रविवार

एकतीस गाड्या मोजल्या. प्रत्येक गाडीत फरक आहे. कुठे तीनशे ऐंशी, कुठे चारशे तीस.

काल कारखान्याचे शेतकी अधिकारी येऊन गेले. चहा प्यायले, केबिन बघितली आणि म्हणाले, “बाई, तुमचाच काटा जास्त दाखवत असेल.” मी त्यांना काट्यावरचं सरकारी सील दाखवलं आणि रोज सकाळची माझी तपासणीही सांगितली. वीरधवल भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, आपली बुलेट घेऊन काट्यावर उभे राहतात, मग मी उभी राहते, मग वीस किलोची मापं ठेवतो. एक किलो इकडेतिकडे नाही.

शेवटी असं ठरलं, की १५ डिसेंबरला तहसील कचेरीत बैठक. दोन्हीकडच्या सगळ्या पावत्या मांडायच्या. फरक तोवर टिकला तर कारखान्याचा काटा सगळ्यांसमोर उघडून तपासायचा. नाही टिकला तर गावानं तक्रार लेखी मागे घ्यायची आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. मी म्हटलं, लिहून घ्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रस्ता खोदताना केबल तुटली, तीन दिवस इंटरनेट नाही. तरी काम थांबलेलं नाही. उलट नवीन आवृत्ती बसवली! भाऊजी काल सांगलीला गेले होते, तिथून पेनड्राइव्हवर आणली. “वैनी, सिद्धूच्या दुकानात गेलतो. त्याच्या मानसानं दिली. पावती मराठीत येती, अक्षर ठळक. आबास्नी चष्म्याबिगर दिसंल.”

सिद्धूला फोन लावला, लागला नाही. मग म्हटलं, घरचा माणूस सांगलीहून आणून हातात देतोय, त्याला काय विचारत बसायचं? शिवाय संत्री आहेच. सही नसती तर त्यानंच हाकलून दिलं असतं. एका आज्ञेत बसलं, जराही कुरकुर नाही.

पावती खरंच सुंदर येते. भाऊजींना शेती सोडून इतर कशात रस नसतो असं मला वाटायचं. आज त्यांचं कौतुक वाटलं. रात्री यांचा फोन आला होता. हे, म्हणजे दिग्विजय, सीमेवर सिग्नल रेजिमेंटमध्ये आहेत. त्यांनाही सांगितलं, तुमचा भाऊ सुधारतोय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

विश्वास बसत नाही. कालपासून आलेल्या सातही गाड्यांची कारखान्याची पावती आमच्या पावतीशी जुळते. फरक पाच-दहा किलोचा, म्हणजे नाहीच.

आमच्या काट्याचा धसका घेतला त्यांनी! अठरा दिवसांत कारखाना सरळ झाला. एवढी वर्षं मोर्चे काढून जमलं नाही ते एका बाईनं आणि एका कॉम्प्युटरनं केलं. हे मी बाहेर बोलणार नाही, पण इथे लिहायला काय हरकत आहे?

२३ नोव्हेंबर, रविवार

आज दुसरी आनंदाची बातमी. आमचा ऊस तुटला! लागण तारखेप्रमाणे आमची पाळी जानेवारीच्या शेवटाला होती. तोडणीची टोळी परवा आपणहून फडात येऊन उभी राहिली. भाऊजी म्हणाले, “वळख लागती वैनी. मी बोलून ठिवलं हुतं.” शेजारच्या फडातले लोक बघत राहिले. आता रान मोकळं, गव्हाला वेळ मिळाला. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पुरणपोळ्या केल्या. मी तीन खाल्ल्या.

आमच्या पाचही गाड्या मीच मोजल्या. कारखान्याशी अगदी जुळल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

समितीची बैठक झाली. फरक उरलेला नाही, मग भांडण कशाला वाढवायचं, असं बहुतेकांचं म्हणणं. मलाही ते पटलं. जिंकल्यावर मोठं मन दाखवावं. तक्रार मागे घ्यायचा अर्ज मीच टाईप केला. १५ तारखेला द्यायचा.

आबा तेवढे नाराज. “एका रातीत चोर साधू झाला व्हय?” त्यांचं आयुष्य फौजेत गेलं. शांतता झाली की त्यांना झोप येत नाही.

जयराज मात्र विचित्र बोलला. म्हणाला, यंदा ऊस चांगला पोसलाय, गाडी तर डोळ्याला जड दिसतीया, आणि काट्यावर मागच्यापेक्षा कमी भरतीया. मी म्हटलं, डोळ्यानं वजन कळत असतं तर काटा कशाला बसवला असता?

२ डिसेंबर, मंगळवार

आज डोकं उठलं. धुळामामा वडूजकडचे धनगर. दरवर्षी मेंढरं घेऊन आमच्या शिवारात उतरतात. मेंढरांच्या वाड्यात साठलेलं लेंडीखत ते बागायतदारांना वजनावर देतात. आज ट्रॉली भरून काट्यावर आले. पावती आली तीन टन तीनशे साठ.

मामा म्हणाले, “काटा खोटा हाय.”

सगळ्या लोकांसमोर! मी म्हटलं, “मामा, सरकारी सील आहे.”

“सील आसंल. मी आठ इसा आन पंदरा, पावनेदोनशे पाट्या टाकल्यात. पाटी माजी, हात माजा. पाटीला ईस किलू. म्हंजी साडेतीन टन व्हायाच पायजे.”

“खत वाळलं असेल.”

“बाय, मी लेंडी आज इकतुया का? बाप इकायचा, त्याचा बाप इकायचा.”

रांगेत चार गाड्या उभ्या होत्या. मी जरा तोडूनच बोलले, की मोजायचं असेल तर मोजा, नाहीतर गाडी बाजूला घ्या. एका म्हाताऱ्याच्या पाट्यांपुढे मी यंत्र खोटं म्हणू? मामांनी पावती घेतली नाही. ट्रॉली तशीच परत नेली. भाऊजी तिथेच होते, हसले नाहीत. लगबगीनं म्हणाले, “सोडा वैनी, येडं हाय ते.”

३ डिसेंबर, बुधवार

आजचं क्रमानं लिहिते.

सकाळी आठला धुळामामा हजर. तीच ट्रॉली, तेच खत. मला म्हणाले, “आदी निम्मं मोज.” निम्मं खत त्यांनी शेजारी मोकळ्या जागेत उतरवून ठेवलं होतं. मोजलं. एक टन साडेसातशे. मग ते उतरवलं, राहिलेलं निम्मं चढवलं. पुन्हा एक टन साडेसातशे. मग मामांनी सगळं खत एकत्र भरलं आणि ट्रॉली काट्यावर आणली. तीन टन तीनशे साठ.

दोन निम्म्यांचं एक पुरतं होईना. दीडेकशे किलो खत काट्यावर उभ्या-उभ्या नाहीसं झालं होतं.

मामा म्हणाले, “आमी काट्याचा संशय आला की असंच करतु. खोट्या काट्याला भागाकार येत न्हाई.”

टेबलाखाली काट्याचा मूळ डबा आहे. काटा त्या डब्याला वजन सांगतो आणि डबा कॉम्प्युटरला. धूळ बसू नये म्हणून मी जुन्या साडीचा गलेफ शिवून त्याला घातला होता, गळीत सुरू झाल्यापासून काढलेला नव्हता. आज काढला. डब्यावरचा आकडा पडद्यावरच्या आकड्यापेक्षा बरोबर एकशे चाळीस किलोनं जास्त.

म्हणजे आबा म्हणाले तसं लोखंड खरं बोलत होतं. खोटं बोलत होता तो माझ्याकडचा भाग.

काटा बंद केला. फाटकावर पाटी लावली. धुळामामांना म्हटलं, “मामा, काल मी तुम्हाला लोकांसमोर तोडून बोलले. चुकले.” ते म्हणाले, “त्ये ऱ्हाऊ दे. खरी पावती दे.” डब्यावरच्या आकड्यावरून हातानं लिहून दिली.

४ डिसेंबर, गुरुवार

सगळं सापडलं, आणि कुठे सापडलं? कारभाऱ्याच्या इतिहासात. डीएनएफ प्रत्येक कामाची नोंद ठेवतो. १८ नोव्हेंबर, काट्याचं सॉफ्टवेअर, फाईलीतून बसवलं, बसवणाऱ्याचं नाव प्रियदर्शनी, म्हणजे मीच. मग पॅकेजची माहिती काढली. बाकी सगळे रकाने भरलेले आणि सहीच्या रकान्यात ‘नाही’.

आधी मला संत्र्याचा राग आला. मग नियमांचं पुस्तक शब्दन् शब्द वाचलं, जे मी ऑक्टोबरात करायला हवं होतं. माझी ओळ फक्त भांडारातून, म्हणजे इंटरनेटवरच्या ठरलेल्या जागेवरून येणाऱ्या पॅकेजला सही विचारते. कुणी उतरवून हातात आणून दिलेली फाईल बसवली तर तिला कुणीच विचारत नाही. तिच्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते आणि ती आपणहून चालू नसते. पुढच्या दारात संत्री उभा करून मी परड्याचं दार सताड उघडं टाकलं होतं. सिद्धूला मी चाळीस अक्षरं वाचायला लावली, आणि घरच्या माणसाला एक शब्द विचारला नाही.

केबल जोडली गेलीय. सिद्धूशी तासभर बोलले. तो म्हणाला, “नऊ पॉइंट शून्य? प्रिया, मी अजून दोन पॉइंट चारवर आहे.” आकडा मुद्दाम मोठा ठेवलेला, म्हणजे त्याची खरी आवृत्ती कधी आलीच तर यंत्र तिला जुनी समजून सोडून देईल. मी खोटी फाईल त्याला पाठवली. त्यानं आत उघडून पाहिलं. निव्वळ वजन तीन टनांच्या आत असेल तर खरं सांगायचं, वर गेलं की शंभराला चार कमी. म्हणूनच माझी आणि बुलेटची रोजची तपासणी दिमाखात पास होत होती.

मी विचारलं, दुकानातल्या तुझ्या माणसानं ही फाईल भाऊजींना कशी काय दिली?

“कुठला माणूस? मी एकटाच असतो.”

फोन ठेवला आणि कामाला लागले, कारण कामच करता येण्यासारखं होतं. खोट्या फाईलीची प्रत पुरावा म्हणून बाजूला ठेवली. यंत्रातून ती काढली. नियमांच्या फाईलीत ओळ लिहिली, localpkg_gpgcheck=1. तीच खोटी फाईल पुन्हा बसवून पाहिली. यंत्रानं सांगितलं, सही नाही, बसवणार नाही. मग सिद्धूची खरी फाईल उतरवून घेतली, आधी हातानं सही तपासली, मगच बसवली. ती गुमान आत गेली.

५ डिसेंबर, शुक्रवार

गोठ्यात भाऊजींना गाठलं. सरळ विचारलं, “फाईल कुणी दिली?”

आधी सिद्धूचंच नाव. मग वैरण नीट करत राहिले. मग म्हणाले, “वैनी, आपला ऊस येळंत गेला का न्हाई? जानेवारीपतूर वाळला आसता. तुमीबी पोळ्या खाल्ल्याच की.”

खाल्ल्या. तीन खाल्ल्या.

“कुनाचं काय बिगाडलं? पैलं भांडान हुतं, आता न्हाई. आता फाईल काडलीय न्हवं? मग कॉम्प्युटर बिगाडला हुता म्हना. मिशिन हाय, बिगाडतंय. आबास्नी सांगू नगा. पाया पडतो.”

आणि खरंच वाकले. मला तेवीस वर्षांचा तो मुलगा आठवला, माझ्या लग्नात वाढपी म्हणून घामानं निथळत धावणारा. फार वाईट वाटलं. त्यांचंही आणि माझंही.

मी रात्र मागून घेतली. पण गणित सोपं आहे. कॉम्प्युटर बिघडला म्हटलं, तर १५ तारखेला कारखाना म्हणणार की बिघडणाऱ्या काट्याच्या पावत्या आम्ही का मानाव्या? सुरुवातीच्या खऱ्या पावत्याही त्यात बुडणार. म्हणजे काटा कायमचा गेला. आणि खरं सांगितलं तर भाऊजी गेले. दोन्ही वाचत नाहीत.

७ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

आधी काल सकाळी एकट्या आबांना. ते खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलं, “तू काय करनार?” मी म्हटलं, “गावाला सांगणार.” म्हणाले, “मग मला कशाला इचारतीस?” मी म्हटलं, “विचारत नाही आबा, सांगतेय.” त्यांनी मान हलवली.

आज काट्यासमोर गाव जमलं. मी पावत्या घेतल्या, धुळामामांना पुढे बोलावलं आणि निम्मं-निम्मं-पुरतं करून दाखवलं, एकदा खोट्या फाईलीवर, एकदा खऱ्या. खोटी फाईल चालवायला माझा जुना लॅपटॉप जोडला. काट्याच्या यंत्राला ती आता शिवूही देणार नाही. मग म्हटलं, “ही फाईल मी बसवली. सही न बघता बसवली. १८ नोव्हेंबरपासूनच्या सगळ्या पावत्या खोट्या आहेत, त्या मी दुरुस्त करून घरोघरी देईन. आणि या काळात आमचा ऊस पाळी सोडून तुटलाय, हेही ऐकून घ्या.”

मागून कुणीतरी ओरडलं, “कुंपनानंच श्यात खाल्लं की!” दुसरा म्हणाला, “फाईल आनली कुनी त्ये सांगा.”

मला वाटत होतं की हा प्रश्न येणार नाही. खरंतर मी देवाला तसं सांगितलं होतं. भाऊजी पिंपळाच्या पाराजवळ उभे होते, खाली बघत. मी पाच-दहा श्वास वाट पाहिली, त्यांनी स्वतः बोलावं म्हणून. ते बोलले नाहीत.

“वीरधवल भाऊजींनी आणली. पण विचारायचं काम माझं होतं.”

आबा उठले. समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा लिहूनच आणला होता. तो जयराजच्या हातात दिला आणि चालत घरी गेले. मला वाटलं आता माझीही किल्ली मागतील. जयराजनं किल्लीकडे बघितलं आणि म्हणाला, “उद्या काटा कितीला उघडताय?”

आत्या माझ्याशी बोलत नाहीत. आबा भाऊजींशी बोलत नाहीत. भाऊजी कुणाशीच बोलत नाहीत.

१० डिसेंबर, बुधवार

एकशे बारा पावत्या दुरुस्त झाल्या, वाटूनही झाल्या. काही घरांत चहा मिळाला, काही घरांत दारातूनच. मी दोन्ही ठिकाणी तेच सांगितलं, त्याच आवाजात. चूक माझी आहे म्हणून मी काही हळू बोलणार नाही.

यांचा फोन आला होता. सगळं ऐकून म्हणाले, “मी असतो तर मला जमलं नसतं.” मला तेवढं पुरलं.

१५ डिसेंबर, सोमवार

बैठक झाली. आठवतंय तोवर सगळं लिहून काढते.

तहसीलदार मॅडम मधे. एका बाजूला शेतकी अधिकारी आणि त्यांची चार माणसं, दुसऱ्या बाजूला जयराज, आबा, मी आणि आमच्या गावातले पंधरा-वीस जण. आबा अध्यक्ष नाहीत, तरी इस्त्रीचे कपडे घालून, छातीवर पदकं लावून आले होते.

अधिकाऱ्यांनी आमच्याच खोट्या पावत्यांची चळत मांडली. मराठीतल्या, ठळक अक्षरांच्या. प्रत्येकीवर माझी सही. “मॅडम, या बाईंच्या सहीच्या पावत्या. आमच्याशी किलोला किलो जुळतात. आता म्हणतात सॉफ्टवेअर खोटं होतं. उद्या म्हणतील आजचं खोटं. कुठल्या दिवशीच्या काट्यावर विश्वास ठेवायचा?” त्यांची माणसं हसली.

मी उभी राहिले. काल पावत्या लावताना एक गोष्ट ध्यानात आली होती, फक्त आबांना सांगितली होती. माझा आवाज कापला नाही, हे मुद्दाम लिहिते.

“साहेबांचं खरं आहे,” मी म्हटलं. “किलोला किलो जुळतात. आणि तीच अडचण आहे. १८ नोव्हेंबरच्या आधीच्या एकोणसाठ गाड्या बघा. तेव्हा आमच्याकडे सिद्धूचं सही केलेलं सॉफ्टवेअर होतं. प्रत्येक गाडीला तुमचं वजन आमच्यापेक्षा कमी. किती कमी? मोठ्या गाडीला जास्त, लहान गाडीला थोडं. भागून बघा, सगळीकडे शंभराला चार. नंतर ही बिनसहीची फाईल आली. ती खऱ्या वजनातून किती कापते? शंभराला चार. तीन नाही, पाच नाही. मॅडम, कारखान्याचा काटा खरा असता तर ही फाईल बसवल्यावर आमचं वजन त्यांच्यापेक्षा चार टक्के कमी यायला हवं होतं. ते जुळलं. ज्यानं कुणी ही फाईल बनवली, त्याला कारखान्याचा काटा किती मारतो हे आमच्या आधीपासून ठाऊक होतं.”

तहसीलदार मॅडमनी कॅल्क्युलेटर ओढला आणि स्वतः भागाकार केले. एक, दोन, पाच. सहावा केला नाही.

अधिकारी म्हणाले, “फाईल यांच्याच यंत्रात सापडली. यांनीच बनवली नसेल कशावरून?”

तेवढ्यात दारातून आवाज आला.

“मी सांगतो कशावरनं.”

भाऊजी. कधी आले, कुणास ठाऊक. पुढे येऊन टेबलासमोर उभे राहिले. अधिकाऱ्यांच्या मागे कारखान्याचा गटकारकून, म्हणजे तोडणीच्या पाळ्या लावणारा, बसला होता, त्याच्याकडे सरळ बोट केलं. “पेनड्राइव्ह मला ह्यांनी दिला. सांगलीच्या ष्टँडावर, सतरा तारकंला. म्हनले, लाव, तुजा ऊस आठ दिसांत तोडतो. मी व्हय म्हनलो. त्यांनी मला काय म्हनलं, मी त्यास्नी काय म्हनलो, सगळं फोनवर हाय. घ्या.” आणि फोन टेबलावर ठेवला. “वैनीला मी खोटं सांगितलं. तिला म्हाईत न्हवतं. लिवून घ्या, सही करतो.”

मॅडमनी लिहून घेतलं. भाऊजींनी सही केली. २२ तारखेला कारखान्याचा काटा सगळ्यांसमोर उघडायचा, हे इतिवृत्तात आलं. तक्रार मागे घ्यायचा मी टाईप केलेला अर्ज जयराजच्या पिशवीतच राहिला. बाहेर आल्यावर लोकांनी मला गराडा घातला, पण माझं लक्ष भाऊजींकडे होतं. ते आमच्या जीपशेजारी एकटे उभे होते. जवळ कुणी गेलं नाही. त्यांना पोलिसांचंही बोलावणं येईल, मॅडमनी तसं सांगितलंय.

परत येताना जीप त्यांनीच चालवली. आबा पुढे, मी मागे. सहा किलोमीटर कुणी बोललं नाही. वाडीच्या वळणावर समोरून उसाची भरलेली गाडी आली तेव्हा आबांनी हात पुढे करून भाऊजींच्या खांद्यावर ठेवला.

“वीरा, सावकाश घे,” ते म्हणाले. “मागं पोरगी बसलीया.”